आजार फुप्फुसाचा, सूज पायाला का?

प्रश्न : माझा भाचा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणतो, जुनाट खोकला-धापेच्या रुग्णाचे पाय तपासले नाहीत तर परीक्षक हमखास गुण कापतात. फुप्फुसाच्या दुखण्यात पाय कुठून आले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पाय येतात ते हृदयामार्गे. ऑक्सिजन कमी पडला की शरीरात इतरत्र रक्तवाहिन्या सैलावतात. फुप्फुसातल्या मात्र आवळतात. एरवी ही सोय फार उपयोगाची. न्यूमोनियाने एखादा भाग निकामी झाला, तर रक्त तिथे वाया न जाता हवा खेळत्या भागाकडे वळतं. पण सीओपीडीत, म्हणजे जुनाट खोकला-धापेच्या या आजारात, ऑक्सिजनची टंचाई बहुतेक सगळ्या फुप्फुसात असते. मग वाहिन्या सगळीकडेच आवळतात, काही नष्टही होतात आणि फुप्फुसधमनीतला दाब चढतो. हा सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरवर गेला की तो वाढलेला मानतात.

या दाबाविरुद्ध रक्त ढकलायचं काम हृदयाच्या उजव्या निलयाचं. त्याची भिंत जेमतेम ३-४ मिलिमीटर जाड. ती आधी जाड होते, मग निलय फुगतं, शेवटी थकतं. मागे रक्त तुंबतं. मानेची शीर फुगते, यकृत वाढतं, घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो. हेच ‘कॉर पल्मोनेल’.

परीक्षेतली खोच अशी, की डावं हृदय अशक्त झाल्यामुळे उजव्यावर ताण आला, तर त्याला हे नाव देत नाहीत. मूळ दुखणं फुप्फुसाचं किंवा त्याच्या रक्तवाहिन्यांचं हवं.

निदानाने उपचारही बदलतो. घरी कायमचा ऑक्सिजन सुरू करायला धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी लागतो. कॉर पल्मोनेल असेल तर ५६ ते ५९ असतानाही तो देतात. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत रोज निदान १५ तास ऑक्सिजन घेणारे रुग्ण जास्त जगले.

भाच्याला आणखी एक सांगा. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये दिल्लीतल्या कॉर पल्मोनेलच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आपल्याकडच्या बायकांमधल्या या आजारामागे चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं. तेव्हा रुग्ण बाई ‘बिडी-सिगारेट नाही’ म्हणाली, तरी पुढचा प्रश्न विचारायचाच : स्वयंपाक कशावर करता?