गार्ड काढलेला ग्राइंडर : कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावयाच्या काही गोष्टी

एकेकाळी सुताराच्या दुकानात करवत, रंधा आणि पटाशी एवढीच हत्यारे असत. आज परभणी शहरातच नव्हे तर सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर येथील लहानशा दुकानातही हातातले ड्रिल, रंधा मशीन आणि लोक ज्याला नुसते 'कटर' म्हणतात तो चार इंची ग्राइंडर असतोच. लोखंडी दरवाजे, खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याचे कूलर तयार करणाऱ्यांचे तर त्यावाचून पान हलत नाही. परंतु ही यंत्रे वापरण्याचे रीतसर शिक्षण फार थोड्यांना मिळते. शागिर्द उस्तादाचे पाहून शिकतो. उस्तादाने गार्ड काढून फळीवर टाकला असेल, तर गार्ड नावाची वस्तू कशासाठी असते हेच शागिर्दाला कळत नाही. म्हणून येथे आम्ही मुख्यतः ग्राइंडरविषयीच लिहीत आहोत. सर्वांत सवयीचे आणि म्हणूनच सर्वांत कमी भीतीचे यंत्र तेच आहे.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो. हिशेब केला तर चाकाच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. परभणीवरून मनमाडकडे किंवा नांदेडकडे जाणारी कोणतीही रेल्वेगाडी एवढ्या वेगाने धावत नाही. या वेगात चाक फुटले तर त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. गार्ड असतो तो त्यांना अडवण्यासाठी. काम करताना तो कारागिराच्या अंगाच्या बाजूला फिरवून घट्ट केलेला हवा.

गार्ड निघतो कसा, हे सर्वांना ठाऊक आहे. चार इंची यंत्राला पाच किंवा सात इंची चाक बसवायचे असते आणि गार्ड आड येतो. येथे जीव धोक्यात घालून काही रुपये वाचवले जातात. प्रत्येक चाकावर ते जास्तीत जास्त किती फेऱ्यांसाठी आहे तो आकडा छापलेला असतो. सात इंची चाकाचा आकडा साधारण 8,500 असतो. 11,000 फेऱ्यांच्या यंत्रावर ते लावणे म्हणजे ते फुटण्याची वाट पाहणे होय. कापण्याच्या चाकाच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतही छापतात, कारण चाकातील डिंकासारखा पदार्थ जुना झाला किंवा त्याला ओल लागली की कमजोर होतो. नवे चाक बसवल्यावर माणसे बाजूला करून एक मिनिट रिकामे फिरवावे. कापण्याच्या पातळ चाकाच्या सपाट बाजूने घासकाम कधीही करू नये.

याहून वाईट प्रकार म्हणजे लाकूड कापण्यासाठी ग्राइंडरवर दातेरी पाते लावणे. गाठीत दाता अडकला की यंत्र कारागिराकडे उसळते. ती उसळी आवरायला हाताला वेळच मिळत नाही. लाकडासाठी वेगळे करवत मशीन असते. महाग वाटते खरे, पण केंद्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये सुरू केलेल्या पी. एम. विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी आदी 18 व्यवसायांच्या कारागिरांसाठी अवजारांकरिता 15,000 रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली, हे येथे नमूद करावेसे वाटते.

आपल्याकडचा एक धोका यंत्रासोबतच्या कागदावर ठळक छापलेला नसतो. काम चालू असताना लाईट जाते, कारागीर यंत्र तसेच खाली ठेवून चहाला जातो आणि बटण चालूच राहते. लाईट आली की यंत्र आपोआप फिरू लागते व जमिनीवर उड्या मारते. शेजारी लहान मुलगा बसलेला असेल तर काय होईल, हे सांगायला नको. लाईट गेली की आधी बटण बंद करावे आणि मग पिन काढावी. चाक किंवा ड्रिलचे पाते बदलतानाही पिन काढलेलीच हवी.

विजेचा झटका हा दुसरा विषय. प्लग नसेल तर उघड्या तारा सॉकेटमध्ये काडीने खोचण्याची पद्धत अजून गेलेली नाही. कूलरचा हंगाम म्हणजे आपला कडक उन्हाळा. अंगाला घाम, पायात स्लीपर किंवा तेही नाही. ओल्या कातडीतून प्रवाह सहज जातो. अनेकांची समजूत असते की बोर्डात एम.सी.बी. आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे. तसे नाही. एम.सी.बी. तारा जळू नयेत म्हणून असतो आणि तो कित्येक अँपिअरवर पडतो. माणूस मरायला एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा लागतो. वेल्डिंग सेट, उभे ड्रिल अशा लोखंडी अंगाच्या यंत्रांना अर्थिंगही हवेच. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुकून सुटते. त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे.

कपड्यांविषयी थोडेच. सैल बाही, गळ्यातला रुमाल आणि सुती हातमोजे ड्रिलमध्ये गुंडाळले जातात. ड्रिलवर हातमोजे घालूच नयेत. डोळ्यावर चष्मा मात्र हवाच. डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर रुमालाच्या टोकाने काढू नये. तो काही तासांत बुबुळावर गंज धरतो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. मानवत, सेलूकडे कापसाच्या गंजीजवळ किंवा पॉलिश-थिनरच्या डब्यांशेजारी ठिणग्या पाडू नयेत, कापूस आतल्या आत तासन्तास धुमसतो.

आणि बोट तुटलेच तर? जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरावा. हळद, चुना, तंबाखू लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकले तर ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही. थंड ठेवलेले बोट काही तास टिकते. परंतु ते जोडणारे शल्यविशारद लहान गावात नसतात आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून सुमारे 200 किलोमीटर आहे. म्हणून अशा शल्यविशारदाचा पत्ता, जवळच्या रुग्णालयाचा फोन आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर आजच लिहून ठेवावा.