मोसंबीचा खुंट, पांढरी मुळी आणि जमिनीतील पाणी

भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेच्या पाटाच्या पाण्यावर श्रीरामपूर भागात मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या आणि तेथील मोसंबी दूरवर नावाजली गेली. पुढे ह्यांपैकी पुष्कळ बागा शेंड्याकडून वाळत गेल्या व काढून टाकाव्या लागल्या. ह्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. विषाणुजन्य रोग, चुनखडीयुक्त जमीन व अन्नद्रव्यांची उणीव ही त्यांत येतात. परंतु जे कारण शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात आहे, ते म्हणजे मुळाशी साचून राहणारे पाणी. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

जमिनीतील सर्व पाणी झाडाचे नव्हे

भरपूर पाणी दिल्यावर मातीच्या कणांमधील सर्व पोकळ्या भरून जातात. त्यांतील जादा पाणी निथळून गेले म्हणजे मोठ्या पोकळ्यांत हवा शिरते व लहान पोकळ्यांत पाणी टिकून राहते. ह्या अवस्थेलाच आपण वाफसा म्हणतो. पुढे ओल कमी होत होत अशी वेळ येते की, उरलेले पाणी मातीचे कण इतके घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढून घेता येत नाही व झाड कोमेजते. वाफशापासून ह्या मर्यादेपर्यंतचे पाणी हेच झाडाला उपलब्ध असणारे पाणी होय. मुरमाड जमिनीत हा साठा थोडा असतो व लवकर संपतो. भारी काळ्या जमिनीत तो मोठा असतो. परंतु तिचा निचरा सावकाश होत असल्याने वाफसा येण्यास विलंब लागतो.

मुळांस हवाही लागते

पाणी व अन्न शोषण्याचे काम मुख्यतः बारीक पांढरी मुळी करते. तिचा बराचसा भाग वरच्या दीड ते दोन फुटांत असतो. तिला श्वसनासाठी हवा लागते. पाणी साचून राहिल्यास ती गुदमरते. शिवाय फायटोफ्थोरा नावाच्या रोगाचे बीजाणू पाण्यातून पोहत जाऊन मुळांस ग्रासतात. मग मुळीची साल हाताने ओढताच मोज्यासारखी निघून येते व आतील दोरा तेवढा उरतो.

मुळी कुजलेले झाड ओल्या जमिनीतही कोमेजते. पाने मलूल दिसताच पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी दिले जाते आणि झाडाचा नाश जवळ येतो. कोरड्या जमिनीतील व पाणथळ जमिनीतील झाड वरून सारखेच दिसते. खरा भेद जमिनीखाली कळतो.

खुंटाची निवड

जंबेरीच्या खुंटावरील झाड जोमाने वाढते व त्याची मुळे दूरवर पसरतात; मात्र निचरा नसल्यास ह्या खुंटास मूळकूज व डिंक्या लवकर होतो. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण व काही प्रमाणात क्षार अधिक सोसतो, म्हणून आपल्याकडे मोसंबीस तो पसंत केला जातो. तथापि साचलेले पाणी कोणताही खुंट दीर्घकाळ सोसत नाही. चोपण जमिनीत मोसंबी लावूच नये.

पाणी देण्यापूर्वीची परीक्षा

झाडाच्या घेराच्या कडेला एक फूट रुंद व दीड फूट खोल खड्डा घ्यावा. तळाची माती मुठीत दाबून पाहावी. हात चिकट होऊन माती लांबट वळली, तर पाणी देऊ नये. गोळा होऊन तो हलक्या धक्क्याने फुटला, तर वाफसा आहे असे समजावे. भारी जमिनीतील माती गोळा न होता सुटी पडली, तर पाणी द्यावे. त्याच वेळी मुळीही पाहावी. टोके पांढरी व टवटवीत असावीत. ती तपकिरी होऊन साल सुटत असल्यास पाणी थांबवून प्रथम चर काढावेत.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. कलमाचा डोळा जमिनीपासून किमान वीतभर उंच ठेवावा. तो मातीने झाकू नये.

२. दुहेरी आळे करावे, म्हणजे बुंध्यास पाणी लागणार नाही. ठिबकच्या तोट्याही बुंध्यापासून दूर, घेराखाली ठेवाव्यात.

३. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच राहतात. कोरड्या थरात मुळी वाढत नाही. म्हणून मुळांच्या खोलीपर्यंत ओल पोचेल इतके पाणी देऊन पुन्हा वाफसा येऊ द्यावा.

४. बहारासाठी ताण देताना हलक्या जमिनीत तो कमी दिवस व भारी जमिनीत अधिक दिवस द्यावा. ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यावे.

५. पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर ह्या प्रमाणात केलेली बोर्डो पेस्ट लावावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेत गेल्यावर प्रथम कुदळ मागावी. एक निरोगी व एक मलूल अशा दोन झाडांशेजारी खड्डे घेऊन दोन्हींची मुळी शेतकऱ्याच्या हातावर ठेवावी. पाण्याची पाळी दिनदर्शिकेवरून न ठरविता मातीवरून ठरविण्याची सवय लागली, तर पुष्कळ झाडे वाचतील.