वसाहतीतील उद्यान : सुरक्षितता आणि विरंगुळा यांचे मूल्यमापन

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांकडे सोपविता येतील असे १८ विषय दिलेले आहेत. त्यांतील १२ वा विषय उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुविधांचा आहे. ही अनुसूची ज्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आली, ती १ जून १९९३ पासून अमलात आली. स्पर्धा परीक्षांचे अभ्यासक ही यादी पाठ करतात. मात्र एखादे उद्यान चांगले की वाईट हे कोणत्या कसोटीवर ठरवावयाचे आणि ते सुधारावयाचे झाल्यास प्रारंभ कोठून करावयाचा, हा प्रश्न अभ्यासात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात चेन्नईतील ओरगडम या वसाहतीच्या निमित्ताने त्याचा विचार केला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. चेन्नईच्या परिसरात ओरगडम नावाची दोन ठिकाणे आहेत. श्रीपेरुंबुदूरजवळचे ओरगडम हे मोटार उद्योगाचे केंद्र असून ते महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. येथे अभिप्रेत असलेले ओरगडम अंबत्तूरमधील निवासी वसाहत आहे. अंबत्तूरची स्वतंत्र नगरपालिका २०११ मध्ये चेन्नई महानगरपालिकेत विलीन झाली. त्या वर्षी महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटरवर गेले आणि प्रभागांची संख्या १५५ वरून २०० झाली. अंबत्तूर हा आता महापालिकेचा ७ वा विभाग आहे. औद्योगिक वसाहतीच्या आश्रयाने वाढलेल्या अशा उपनगरात घरे लहान, रस्ते अरुंद आणि कामाच्या पाळ्या दिवसरात्र चालणाऱ्या असतात. त्यामुळे वसाहतीतील अर्धा-पाऊण एकराचे उद्यान ही तेथे चैनीची बाब राहत नाही. मुलांचे अंगण, वृद्धांचा ओटा आणि दोन पाळ्यांमधील कामगाराची विश्रांतीची जागा अशी तिन्ही कामे त्याला करावी लागतात.

जागा कोठून येते?

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २०१४ च्या नागरी व प्रादेशिक विकास आराखडे मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरचे गृहवसाहत उद्यान, १५ हजारांमागे एक हेक्टरचे परिसर उद्यान आणि एक लाखामागे पाच हेक्टरचे समुदाय उद्यान, अशी त्यांतील उतरंड आहे. आकडेमोड केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. घराजवळच्या पहिल्या उद्यानातून माणशी जेमतेम एक चौरस मीटर जागा मिळते. उरलेली जागा मोठी उद्याने, क्रीडांगणे व हरितपट्टे यांतून यावयाची असते आणि तेथवर लहान मूल किंवा गुडघेदुखीने त्रस्त आजी पायी पोहोचू शकत नाही. म्हणून सरासरीच्या आकड्यापेक्षा चालत जाण्याच्या अंतरातील ती एक चौरस मीटर जागा अधिक मोलाची आहे.

तामिळनाडूत अशी जागा मुख्यतः दोन मार्गांनी सुरक्षित ठेवली जाते. उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या जतनासाठी तेथे १९५९ चा स्वतंत्र कायदा आहे. शिवाय दहा हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडाच्या विकासात दहा टक्के जागा मोकळी ठेवून ती सार्वजनिक वापरासाठी विनामूल्य हस्तांतरित करावी लागते. महाराष्ट्रात हेच काम १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील आरक्षणाने होते. परंतु आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर कलम १२७ अन्वये मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. कागदावरील उद्यान असे नाहीसे होते. प्रत्यक्षातील उद्यान नाहीसे होण्याची रीत निराळी आहे. प्रथम दिवे जातात, मग माणसे जातात, राडारोडा येऊन पडतो आणि अखेरीस ही जागा तशीही पडीकच आहे, असा युक्तिवाद पुढे येतो. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषागृहाला देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप बेकायदा ठरविले. हा निकाल परीक्षेच्या दृष्टीने अवश्य लक्षात ठेवावा. शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, हे त्यात मान्य झाले.

सुरक्षितता म्हणजे काय?

उद्यानाची सुरक्षितता म्हटले की उंच भिंत, कुलूप आणि पहारेकरी ही त्रयी आपल्या प्रशासनाच्या डोळ्यांसमोर उभी राहते. चेन्नईतीलच दोन उदाहरणे या समजुतीची मर्यादा दाखवितात.

अंबत्तूरपासून जवळच असलेल्या अण्णा नगरातील उद्यानात १९६८ च्या व्यापार प्रदर्शनाच्या वेळी १३५ फूट उंचीचा मनोरा उभारण्यात आला. त्यावरून उडी घेऊन जीव देण्याच्या घटना घडल्यामुळे २०११ मध्ये तो बंद करण्यात आला. धोका खरा होता, यात शंका नाही. परंतु उपाय म्हणून कुलूप लागले आणि ते बारा वर्षे राहिले. २०२३ मध्ये मार्गिकांना संरक्षक जाळ्या बसविल्यावर मनोरा पुन्हा लोकांसाठी खुला झाला. जाळ्या बसविण्याची कल्पना २०११ मध्ये अशक्य नव्हती. बंद करणे सोपे असते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी घटना ५ मे २०२४ ची आहे. थाउजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या उद्यानात दोन पाळीव रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या मुलीवर हल्ला करून तिला गंभीर जखमी केले. ती मुलगी त्याच उद्यानाच्या पहारेकऱ्याची होती. त्या घटनेनंतर पाळीव कुत्र्यांचा परवाना, लसीकरण, गळ्यातील दोरी व मुसके यांबाबत महापालिकेने नियम कडक केले. पहारेकरी नेमलेल्या उद्यानातही धोका अनपेक्षित बाजूने येतो आणि तो प्रथम तेथे चोवीस तास राहणाऱ्यांना गाठतो, हे या घटनेतून दिसते. उद्यानाचे मूल्यमापन करताना पहारेकरी, माळी व सफाई कामगार यांची कुटुंबे बहुधा कोणाच्याच यादीत नसतात. त्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे, कारण रात्री दहानंतर तेथे काय चालते हे केवळ त्यांनाच ठाऊक असते.

मोजणी : कोण येत नाही?

मूल्यमापनाची पहिली पायरी माणसे मोजण्याची आहे. उद्यानांतील वापराच्या निरीक्षणासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मांडण्यात आलेल्या सोपार्क या पद्धतीत उद्यानाचे लहान भाग पाडतात आणि दिवसातील ठरलेल्या वेळी प्रत्येक भागात किती स्त्रिया, किती पुरुष, कोणत्या वयाचे, बसलेले की हालचाल करणारे, याची नोंद घेतात. तिला यंत्रसामग्री लागत नाही. ओरगडमसारख्या वसाहतीत महाविद्यालयातील चार विद्यार्थी कामाच्या दोन व सुट्टीच्या दोन दिवशी सकाळी सहा, अकरा, सायंकाळी पाच आणि साडेसात या वेळांना ही मोजणी सहज करू शकतील.

मोजणीतून हाती येणारी खरी माहिती गैरहजेरीची असते. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात केलेल्या पाहणीत असे दिसले, की मुली साधारण नऊ वर्षांच्या झाल्या की उद्यानांतून दिसेनाशा होतात. मुलांची संख्या मात्र तशी घटत नाही. चेंडूच्या खेळासाठी जाळी लावलेल्या जागेला एकच दार होते आणि तेथे मोठ्या मुलांचा ताबा असे. १९९९ मध्ये दोन उद्यानांची पुनर्रचना करताना प्रवेश वाढविण्यात आले, मोठ्या मैदानाचे भाग पाडण्यात आले आणि वाटांवर प्रकाश देण्यात आला. त्यानंतर मुली परतल्या. आपल्याकडे सायंकाळी सात वाजता उद्यानात एकही किशोरवयीन मुलगी नसेल, तर ‘मुलींना आवड नाही’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. मुंबईतील स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांवर शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाने या समजुतीला चांगलाच छेद दिला. काही कामाशिवाय केवळ बसण्यासाठी बाहेर असण्याचा हक्क स्त्रियांना सहजी मिळत नाही, हा त्यांचा मुद्दा उद्यानातील बाकाला तंतोतंत लागू पडतो.

दुसरी पायरी पायी फिरून करावयाच्या पाहणीची. स्त्रियांनी अंधार पडल्यावर गटाने फिरून असुरक्षित वाटणाऱ्या जागा नोंदविण्याची पद्धत १९८९ मध्ये टोरांटो येथील मेट्रॅक या संस्थेने रूढ केली. दिल्लीत जागोरीने ती वापरली आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या उपक्रमाने प्रकाश, मोकळेपणा, दृश्यता, लोकांची ये-जा, चालण्याची वाट, स्त्रियांची उपस्थिती अशा नऊ निकषांवर तिला आकड्यांचे रूप दिले. सुमारे १५ मीटरवरून समोरच्याचा चेहरा ओळखता येतो काय, ही साधी चाचणी दिव्यांच्या संख्येपेक्षा अधिक सांगून जाते. पुष्कळदा दिवे पुरेसे असतात, पण झाडांच्या फांद्यांनी ते झाकले गेलेले असतात. अशा वेळी नव्या खांबाची निविदा काढण्याचे कारण नाही. माळ्याची शिडी पुरे.

खेळाच्या साहित्याची तपासणी मात्र मोजपट्टीनेच करावी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेनुसार खेळसाहित्याभोवती सर्व बाजूंनी किमान सहा फूट मोकळी जागा असावी. झोपाळ्याच्या पुढे व मागे ही जागा आसाच्या उंचीच्या दुप्पट असावी. साडेतीन ते नऊ इंचांच्या फटी धोकादायक मानल्या आहेत, कारण त्यांतून मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. बहुसंख्य दुखापती खाली पडण्याने होतात. म्हणून घसरगुंडीच्या रंगापेक्षा तिच्याखालची जमीन महत्त्वाची. आपल्याकडे स्वच्छता दिसावी म्हणून तेथे सिमेंटच्या लाद्या बसवितात! नऊ इंच सैल वाळू चार फुटांपर्यंतच्या उंचीवरून पडणाऱ्या मुलाला बऱ्यापैकी सांभाळते आणि ती लादीपेक्षा स्वस्तही असते. कुत्र्या-मांजरांची घाण काढणे व वाळू वेळोवेळी उकरणे एवढे पथ्य पाळावे लागते. चेन्नईच्या उन्हाचाही विचार हवा. ३१ मे २००३ रोजी तेथे ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा हवेत पत्र्याची घसरगुंडी पूर्व-पश्चिम उन्हात उभी करणे म्हणजे मुलांच्या मांड्या भाजण्याची सोयच.

पावसाचे गणितही वेगळे आहे. महाराष्ट्रातील वाचकाने हे ध्यानात ठेवावे, की चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पडतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोडुंगैयूर भागात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात पडलेल्या वीजवाहिनीचा धक्का बसून दोन लहान मुली दगावल्या. उद्यानातील दिव्यांच्या खांबांना तळाशी असलेली, झाकण तुटलेली जोडपेटी हा त्याच जातीचा धोका आहे आणि तो सप्टेंबर संपण्यापूर्वी दूर झाला पाहिजे. उद्यानात पाणी साचू न देता मुरविण्याच्या दृष्टीने महापालिकेने अलीकडे ‘स्पंज पार्क’ ही कल्पना अमलात आणली असून त्यांत पाणी धरणारे उथळ तळे व शोषखड्डे असतात. तळ्याचा काठ उतरता ठेवला आणि पाणी काही दिवसांत मुरेल अशी व्यवस्था झाली, तर बुडण्याचा व डासांचा असे दोन्ही प्रश्न आटोक्यात राहतात.

सुधारणेचा क्रम आणि पैसा

पाहणी झाल्यावर कामांची यादी लांबच लांब होते आणि येथेच बहुतेक प्रयत्न फसतात. कमान, कारंजे व नामफलक यांना प्रथम पैसा मिळतो. क्रम उलटा असावा. जीवघेणे ते एका आठवड्यात: उघडी वीजवाहिनी, गंजलेला साखळदंड, झाकण नसलेली टाकी. त्यानंतर लोकांना परत आणणाऱ्या गोष्टी: चालू स्थितीतील स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, पाठ टेकता येईल असे बाक, चाकाच्या खुर्चीला आत येऊ देणारे फाटक. शेवटची बाब २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानंतर ऐच्छिक राहिलेली नाही. तरीही दुचाक्या रोखण्यासाठी बसविलेल्या लोखंडी फिरकीने ती नित्य मोडली जाते. फाटकाच्या वेळा बदलणे हा तर बिनखर्ची उपाय आहे. सकाळी नऊ ते दुपारी चार उद्यान बंद ठेवल्यास रात्रपाळी करून आलेला कामगार, घरकाम आटोपून मोकळी झालेली गृहिणी आणि पाळणाघर परवडत नसलेली आई हे तिघेही बाहेरच राहतात.

निधीच्या बाबतीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत अभियानात हिरव्या जागा व उद्यानांसाठी अडीच टक्क्यांपर्यंत तरतूद होती आणि मुलांसाठीच्या सोयींचा त्यात विशेष उल्लेख होता. मात्र उभारणीला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही, हा जुना अनुभव आहे. दत्तक योजनेने तो प्रश्न सुटेल, अशी आशा मुंबईत बाळगली गेली. काही ठिकाणी मैदाने उत्तम राखली गेली, काही ठिकाणी ती क्लबांची खासगी मालमत्ता असल्यासारखी झाली. त्यावरून उठलेल्या वादळानंतर २०१६ मध्ये नव्या धोरणाला स्थगिती देऊन भूखंड परत घेण्याचे आदेश निघाले. वसाहतीच्या मंडळाने देखरेख करावी, परंतु किल्ली महापालिकेकडेच असावी, हे त्या प्रकरणातून निघणारे व्यावहारिक सूत्र होय.

देखरेखीचे घटनात्मक व्यासपीठही उपलब्ध आहे. तामिळनाडूने २०२२ मध्ये प्रभाग समिती व क्षेत्रसभा यांचे नियम केले. महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्येच झाली असली, तरी ती बव्हंशी कागदावरच राहिली. पुण्यात मात्र २००६ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातील कामे अंदाजपत्रकासाठी सुचविण्याची पद्धत आहे. ओरगडममधील मोजणीचा तक्ता क्षेत्रसभेसमोर ठेवता येईल, तर तुटलेल्या झोपाळ्यासारखी तातडीची तक्रार महापालिकेच्या १९१३ या दूरध्वनी क्रमांकावर नोंदविता येईल. सहा महिन्यांनी त्याच वेळांना, त्याच भागांत पुन्हा मोजणी करावी. सायंकाळी साडेसातच्या रकान्यात स्त्रिया व मुलींचा आकडा शून्यावरून दहावर गेला असेल, तर खर्च कारणी लागला; कारंजे सुरू असून तो रकाना कोराच असेल, तर दिवे, वाट आणि फाटक यांची पाहणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.

सरावासाठी प्रश्न : ‘सार्वजनिक उद्यानाची सुरक्षितता ही निर्बंधांपेक्षा वापरावर अवलंबून असते.’ ७४ वी घटनादुरुस्ती व आपल्या शहरातील एका उद्यानाचे प्रत्यक्ष निरीक्षण यांच्या आधारे चर्चा करा. (२५० शब्द)