परत वर्गात बसण्याआधी

दादर, मुंबई

चि. सौ. सोनू,


नोकरी सोडून बंगळुरूच्या बन्नेरघट्टा रोडवरच्या आयआयएममध्ये वर्षभर शिकायला बसू का, असं तू विचारलंस. फोनवर मी नुसतं ‘सविस्तर लिहिते’ म्हणाले. माझं मत आधीच सांगून टाकते : शिक, नक्की शिक, पण नोकरी न सोडता शिक. आता कारणं लिहिते.

त्या दिवशी तू कोर्सबद्दल कमी आणि तुझ्या मागून येऊन डायरेक्टर झालेल्या त्या मुलाबद्दल जास्त बोललीस. तुझा राग रास्त आहे. पण रागाच्या भरात भरलेला अर्ज फार दिवस साथ देत नाही. सुरुवातीलाच अकाउंट्स, सांख्यिकी, अर्थशास्त्र एकदम अंगावर येतं. घर झोपल्यावर उद्याची केस वाचायला घ्यावी लागते, आणि तेव्हा त्या मुलाची आठवण काढून पान उलटत नाही. तिथे तुझा स्वतःचा प्रश्न लागतो : नोकरीनेच पाडलेला, पण नोकरीत राहून न सुटणारा.

तुझ्याकडे असा प्रश्न आहे. मागच्या दिवाळीला तूच सांगत होतीस, की ग्राहकांना आवडलेलं, बरं चाललेलं प्रॉडक्ट वरच्यांनी एका मीटिंगमध्ये बंद केलं आणि का केलं ते तुला कुणी धड सांगितलं नाही. अशा निर्णयामागे बहुतेकदा भांडवलाचा हिशोब असतो. तोच पैसा, तीच माणसं दुसरीकडे लावली तर जास्त मिळेल, असं कुणीतरी कागदावर मांडलेलं असतं. तो कागद वाचता येणं, आणि चुकीचा असेल तर त्याच भाषेत खोडून काढता येणं, यासाठी बिझनेस स्कूलला जावं. एवढ्यासाठी मी तुला जा म्हणते.

बाबासाहेबांचं उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवतं. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. चांगल्या पगाराची, मानाची नोकरी. १९२० मध्ये ती सोडून, पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज एवढ्यावर ते पुन्हा लंडनला गेले. वय एकोणतीस. परत आले ते १९२३ मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर करून. काय शोधायचं आहे हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाचं हे परत जाणं होतं. आणि हेही विसरू नकोस, की त्या काळात परळच्या चाळीत रमाबाई मोजक्या पैशांत संसार ओढत होत्या. शिकणारा एक असतो, त्याची झळ घरातल्या सगळ्यांना लागते. त्याबद्दल पुढे लिहितेच.

मी जमनालाल बजाजचा संध्याकाळचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला तेव्हा बँकेच्या कर्ज विभागात होते. ऑफिस सुटलं की चर्चगेटला वर्ग, आणि मग दादरची स्लो लोकल. तिथे काय मिळालं, असं विचारशील तर एकच गोष्ट सांगते. ताळेबंदात फायदा दाखवणारा कारखाना कामगारांचा पगार वेळेवर का देऊ शकत नाही, हे मला तिथे कळलं. माल विकला जातो, फायदा वहीत लिहिला जातो, पण पैसे व्यापाऱ्यांकडे चार-चार महिने अडकलेले असतात. आधीही माझ्या टेबलावर तेच कागद येत होते; मी बेरजा तपासत होते. नंतर मी प्रश्न विचारू लागले. प्रमोशन पुष्कळ उशिरा आलं, आणि ते या शिक्षणानेच आलं असं मी म्हणणार नाही.

वर्गात तुला एका गोष्टीचा त्रास होईल. तुझ्यासारख्या इंजिनिअरला वाटतं, प्रत्येक गणिताला एक बरोबर उत्तर असतं. हार्वर्डने रूढ केलेल्या केस पद्धतीत तसं नसतं. अर्धवट माहिती देऊन विचारतात, तू या कंपनीची प्रमुख असतीस तर सोमवारी सकाळी काय केलं असतंस? समोरचा तुझ्या अगदी उलट बोलतो आणि तोही पटतो. शिकवणारे प्राध्यापक कदाचित तुझ्याहून लहान असतील. त्यांना मोकळेपणाने ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हण. तुझ्यासारख्या, नोकरीत सोळा वर्षं दुसऱ्यांना समजावून सांगणाऱ्या माणसाला हे जड जातं.

अर्ज भरण्याआधी एक परीक्षा स्वतःच घे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर व्यवस्थापन विषयाचं काम तुमच्या बंगळुरूच्या आयआयएमकडेच आहे. तिथला अकाउंट्सचा एखादा कोर्स फुकट शिकता येतो. तो रोज रात्री, नोकरी आणि स्वयंपाकपाणी सांभाळून, शेवटपर्यंत पुरा कर. झाला, तर पुढचं जमेल.

आता पैशांचं. पूर्णवेळ वर्षभराच्या कोर्सची फी तीस लाखांच्या वर गेली आहे. तुझा पगार मी विचारत नाही, पण तो वर्षभर बुडणार, तो त्यात मिळव. घराचा हप्ता त्या वर्षातही चालूच राहील. शैक्षणिक कर्ज काढलंस तर करात सवलत आहे, पण ती फक्त व्याजावर, फार तर आठ वर्षं, आणि जुन्या करपद्धतीत; नव्या पद्धतीत नाही. मुद्दलावर काहीच नाही. त्याच संस्थेत नोकरदारांसाठी दोन वर्षांचा, शुक्रवार-शनिवारचा अभ्यासक्रम आहे. त्याची फी कमी, पगार चालू, आणि शनिवारी शिकलेलं सोमवारी ऑफिसात लावून बघता येतं. नोकरी बदलून अगदी वेगळ्या क्षेत्रात जायचं असेल तर पूर्णवेळ कोर्सला अर्थ आहे. तुला तुझ्याच क्षेत्रात वर जायचं आहे. मग दोन वर्षांचा घे.

शुक्रवारची मोकळीक साहेबांकडून तोंडी घेऊ नकोस, मेलवर घे. साहेब बदलतात.

एक सावधगिरी. मोठ्या संस्थेचं नाव लावून काही महिन्यांचे ऑनलाइन कोर्स हल्ली पुष्कळ विकले जातात. शेवटी पदवी मिळते की प्रमाणपत्र, हे लेखी विचार. आयआयएम कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला तेव्हापासून या संस्था पदवी देऊ शकतात. त्याआधी पदविकाच होती.

आणि वर्ग सुटला की लगेच गाडी काढून सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत घुसू नकोस. तुमची ती संस्था बाळकृष्ण दोशींनी बांधली. जन्म पुण्याचा, काम साऱ्या जगाने वाखाणलेलं. फत्तेपूर सिक्री डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी दगडी भिंती, अर्धउघडे लांब मार्ग आणि अंगणं अशी रचना केली, कारण वर्गाबाहेरच्या गप्पांतही माणूस शिकतो असं त्यांना वाटे. आठवड्याच्या शेवटी येणाऱ्यांचं नुकसान नेमकं इथेच होतं. तासभर थांब. कुणी इस्पितळ चालवत असेल, कुणी मालवाहतूक. त्यांची दुखणी ऐक. गर्दीही तेवढ्यात थोडी ओसरेल.

घरचं शेवटी लिहिते आहे, पण ते तू आधी कर. दोन वर्षं तुझे शनिवार घरचे राहणार नाहीत. लेक आठवीत आहे. तिची दहावी आणि तुझं शेवटचं सत्र एकदम येईल. सासूबाईंचं वय झालं आहे. जावईबापू ‘हो, कर की’ म्हणतील, ते भले आहेत. त्या ‘हो’वर थांबू नकोस. शनिवारी लेकीला क्लासला कोण नेणार, आजींची औषधं कोण आणणार, सणावाराला पाहुणे आले तर काय, हे चौघांनी बसून ठरवा. लेकीलाही बसव. माझ्या वेळी हे सगळं माझ्या सासूबाईंनी मुकाट्याने अंगावर घेतलं. तुझ्या घरी कुणावर ते न विचारता पडू नये, एवढं बघ.

हे बोलणं झालं, की तुला नेमका कोणता प्रश्न घेऊन शिकायला जायचं आहे ते दहा ओळींत मराठीत लिहून मला पाठव. त्यात त्या मुलाचं नाव नको. ते वाचून मला पटलं तर फीच्या पहिल्या हप्त्यातला माझा वाटा मी आनंदाने पाठवीन, आणि तो परत करायचा नाही. अर्जाची मुदत जाऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या