शहरातला पगार, शहरातलं घर : नववीच्या वर्गातला एक हिशेब



पारनेर तालुक्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला एप्रिल-मे महिन्यात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "सर, पोराला घेऊन पुण्याला जाऊ का?" आमचा तालुका अवर्षणग्रस्त. घरटी एखादा माणूस मुंबईला, आता पुणे-चाकणला, हे आम्हाला नवीन नाही. यात्रेला गाव भरतं आणि यात्रा संपली की गाड्या टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, माळशेजमार्गे परत जातात. त्यामुळे भूगोलातला नागरीकरणाचा पाठ आमच्या मुलांना पुस्तकातला वाटतच नाही.

यंदा एका पालकांनी आकडेच समोर ठेवले. सुप्याच्या एमआयडीसीत महिना १६,००० मिळतात, चाकणला २५,००० मिळतील. ९,००० जास्त. जाऊ का? मला उत्तर देता आलं नाही. मग नावगाव काढून टाकून तोच हिशेब मी नववीच्या फळ्यावर मांडला.

मुलांनी भराभर सांगितलं. गावात घर स्वतःचं, बाजरी-ज्वारी शेतातली, दूध गोठ्यातलं. चाकणला एका खोलीचं आणि किचनचं भाडं ८,००० धरलं. धान्य, दूध, भाजी विकत म्हणून ४,००० जादा. शाळेची व्हॅन १,५००. (हे आमच्या वर्गाचे अंदाज आहेत. तुम्ही तुमच्या गावचे धरा.) खर्च वाढला १३,५००, पगार वाढला ९,०००. म्हणजे जास्त पगार घेऊन महिन्याला ४,५०० चा खड्डा! वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मग सर, लोक जातात कशाला?"

खरा पाठ इथे सुरू होतो. इथे घाई करू नका, मुलांनाच बोलू द्या. एक मुलगी म्हणाली, आजीला रात्री दवाखान्यात न्यायचं तर भाड्याची गाडी करावी लागते. दुसरी म्हणाली, तिकडे आईलाही काम मिळतं. कोणी टँकरचं पाणी सांगितलं, कोणी कॉलेजचं. मी फळ्यावर गावाच्या रकान्यातले शून्य पुन्हा तपासायला सांगितले. घरभाडं शून्य, कारण घर आहे. क्लासची फी शून्य, कारण क्लासच नाही. दोन्ही शून्य दिसायला सारखे, पण एक सुख आहे आणि दुसरी उणीव. राहणीमानाचा खर्च आणि जगण्याचा दर्जा यातला फरक मुलांना इथे कळला, व्याख्या न सांगता.

आपल्यासाठी याचं उत्तम उदाहरण म्हणजे आपलीच पगाराची स्लिप. महागाई भत्त्याचा टक्का मुंबईच्या शिक्षकाला आणि पारनेरच्या शिक्षकाला सारखाच असतो. तो काल आणि आज यातला फरक भरून काढतो. इथे आणि तिथे यातला फरक घरभाडे भत्त्यात असतो. सातव्या वेतन आयोगात तो सुरुवातीला मुंबई-पुण्याला मूळ पगाराच्या २४ टक्के आणि आपल्यासारख्या ठिकाणी ८ टक्के होता. म्हणजे सरकारी हिशेबात शहरातलं घर तिप्पट. आमच्या वर्गाच्या हिशेबात ते शून्यावरून ८,००० वर गेलं होतं!

महागाई निर्देशांकातही अशीच एक गोष्ट आहे. २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत शहरी निर्देशांकात घराचा भार २१.६७ टक्के होता, ग्रामीण निर्देशांकात घरभाडं हा घटकच नव्हता. अन्न आणि पेयांचा भार उलट, ग्रामीण ५४.१८ आणि शहरी ३६.२९. तेव्हा "शहरात महागाई किती टक्के, गावात किती" या बातमीवरून कुठे राहणं स्वस्त ते ठरवता येत नाही. टोपल्याच वेगळ्या आहेत. दहावीपर्यंतच्या मुलांना एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

आता कृती. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. वर्गातली बाकं बाजूला सारून आम्ही खडूने १० बाय १६ फुटांचा चौकोन आखला. ज्याचे काका मुंबईत राहतात अशा एका मुलाला त्यात मोरी, गॅस, कपाट, पलंग आखायला सांगितलं. मग सहाजण आत बसले आणि सातव्याला अभ्यासाला जागा शोधायला लावली. दहा मिनिटं लागली असतील, पण तासभर बोलून जे समजलं नसतं ते समजलं. गावाकडे ओसरी, अंगण, चिंचेखालचा कट्टा यांची किंमत आम्ही कधी लावलीच नव्हती.

शहरांची यादी लावणाऱ्यांनाही हे अवघड जातं. २०१८ च्या केंद्र सरकारच्या राहणीयोग्य शहरांच्या यादीत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी होती. २०११ च्या जनगणनेत मात्र त्याच बृहन्मुंबईतली दहापैकी चार कुटुंबं झोपडपट्टीत होती. शहर राहण्याजोगं आहे की नाही, हे तुम्ही त्यातल्या कुठल्या खोलीत राहता त्यावर ठरतं.

"गावातच राहा" असं सांगणारा पाठ मात्र मी घेत नाही. तो खोटा वाटतो, शिवाय आपली मुलं पुण्यात शिकवणारे शिक्षक तो घेतात तेव्हा तर जास्तच. उणिवेचे शून्य भरले तर काय होतं, हे दाखवायला उदाहरण जवळच आहे. शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारमध्ये १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पाणलोटाची कामं झाली, पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि त्यावरून पिकं ठरवायची पद्धत पडली. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं परत आली. राळेगणसिद्धी तर आमच्याच तालुक्यातलं. दोन्हीकडे सुरुवात पाण्यापासून झाली, पगारापासून नाही.

हा पाठ घेताना एक काळजी घ्या. वर्गात कुणाच्याही घरचा खरा पगार विचारू नका, कर्जाचा विषय तर नकोच. कुटुंब काल्पनिक ठेवा. मुलं घरचेच आकडे त्यात घालतात, ते आपल्याला कळतंही, पण तसं दाखवायचं नाही.

त्या पालकांना मी फळ्यावरचा हिशेब वहीत उतरवून दिला. त्यांनी वाचून शेवटी एक ओळ स्वतः लिहिली, "बायकोचा पगार धरला नाही." ते बरोबर होतं. आता जूनपर्यंत ती दोघं मिळून तो हिशेब पुन्हा मांडणार आहेत, आणि दाखल्याचा अर्ज तोवर माझ्या टेबलावर कोराच आहे.