पाचशेपैकी तीनशे सतरावी

गाडीच्या डॅशबोर्डवर ॲल्युमिनियमची एक छोटी पट्टी होती आणि तिच्यावर कोरलं होतं : ५०० पैकी ३१७. त्या पट्टीनेच मला भुरळ घातली. जगात अशा पाचशेच गाड्या आहेत, पाचशे एकावी कधी निघणार नाही, तेव्हा भाव वरच जाणार, असा सरळ हिशेब मी मांडला. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरून काम केलेल्या माणसाला हा हिशेब कुठे चुकतोय ते कळायला आठ वर्षं लागली.

मुंबईत कांजूरमार्ग पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या आतल्या बाजूला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत माझा गाळा होता. डाय, जिग, फिक्श्चर अशी कामं करायचो. आजूबाजूचे मोठे कारखाने एकेक करून बंद झाले, त्यांच्या जागी टॉवर उभे राहू लागले, तसं छोटं कामही आटलं. २०१३ मध्ये गाळा विकला. मुलीचं लग्न, राहत्या घराचं उरलेलं कर्ज, भावाचा वाटा हे सगळं देऊन हातात राहिलेल्या रकमेतले ३६ लाख मी २०१४ मध्ये या गाडीत घातले. परदेशातल्या एका छोट्या कंपनीची, दोन आसनांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. पूर्ण आयात केलेली, दोन वर्षं वापरलेली. दलालाने मोबाईलवर परदेशातल्या लिलावांचे आकडे दाखवले. बायको एवढंच म्हणाली होती, “अहो, हौस असेल तर हौस म्हणून घ्या. पण हे पैसे सुरक्षित ठेवलेत असं मला सांगू नका.” मी तिला लिलावाचे आकडे वाचून दाखवले.

ते आकडे खोटे नव्हते, हे आधी सांगतो; तसे आकडे पुढेही येत राहिले. फेरारीची २५० जीटीओ ही गाडी १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ बनली, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात तिच्यातली एक ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. मॅक्लारेन एफ-१ एकूण १०६ बनल्या. २०२१ मध्ये त्यांतली एक, जवळजवळ न चालवलेली, दोन कोटी डॉलरच्या वर गेली. पण याच मॅक्लारेनची दुसरी बाजू दलालाने सांगितली नाही आणि मीही शोधली नाही. कंपनीला तीनशे गाड्या बनवायच्या होत्या. गिऱ्हाईक न मिळाल्याने १०६ वर थांबावं लागलं. १९९५ मध्ये ल मॉंची २४ तासांची शर्यत त्या गाडीने जिंकली, कंपनी टिकली, तिने जुन्या गाड्यांची देखभाल चालू ठेवली, आणि मग बऱ्याच वर्षांनी भाव आला. कमी संख्या हा त्या भावाचा एक धागा होता फक्त.

जॅग्वार एक्सजे २२० ची गोष्ट मला गाडी घेण्याआधी कुणी सांगायला हवी होती. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती दाखवली तेव्हा बारा सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना जोर असं कबूल केलं होतं. लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड भरून नंबर लावले. त्यातल्या कितीतरी जणांना गाडी चालवायचीच नव्हती, हातात येताच नफ्यात विकायची होती. प्रत्यक्षात १९९२ मध्ये गाडी आली ती सहा सिलिंडरची, मागच्या चाकांवर चालणारी, आणि करारातल्या महागाईच्या कलमामुळे किंमत पावणेपाच लाख पौंडांच्या घरात पोचलेली. मधल्या काळात मंदी आली. नंबर लावलेले लोक पैसे परत मागू लागले, प्रकरणं कोर्टात गेली. तीनशेसुद्धा बनल्या नाहीत, आणि बनलेल्यांतल्या काही वर्षानुवर्षं विकल्या गेल्या नाहीत. म्हणजे संख्या कमीच होती. घेणारे तिच्याहून कमी निघाले.

आता आपल्याकडचं. इथे परदेशातला लिलाव तसाच्या तसा लावताच येत नाही, आणि माझी सगळ्यात महाग चूक हीच होती. २००२ मध्ये ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, त्यानंतर तिच्या आयात शुल्कावरून केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. शुल्काचा आकडा होता १ कोटी १३ लाख. गाडीच्या मूळ किमतीपेक्षा शुल्क जास्त. पुढे २०१३ च्या अर्थसंकल्पात महागड्या आयात गाड्यांवरचं मूळ शुल्क ७५ वरून १०० टक्के झालं. त्यावर बाकीचे कर, त्यावर राज्याचा रोड टॅक्स. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने त्याच्या वेळच्या दराने हे सगळं भरलं होतं आणि मी त्याचा मोठा हिस्सा त्याला देऊन गाडी घेतली. परदेशात हीच गाडी कुणी विकत घेईल तो मला या करांचा एक पैसाही देणार नाही. त्याला ती तिथे आपल्या या करांशिवाय मिळते. शिवाय आपलं स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिका आणि बहुतेक युरोप तिथेच बाद होतो.

तेव्हा माझं गिऱ्हाईक भारतातच, आणि तेही मुख्यतः मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर एवढ्याच शहरांत. मी तेव्हा स्वतःची समजूत घातली होती की विंटेज वगैरे अपवाद सोडले तर तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणता येत नाही, म्हणून इथे आहेत त्यांनाच भाव येईल. पण त्या गाडीची ओढ असलेले लोक इथे मुळातच पाच-पंचवीस. त्या कंपनीची गाडी त्यांच्या लहानपणी रस्त्यावर दिसली नव्हती, भिंतीवर तिचं पोस्टर नव्हतं. आठवण नसेल तर ओढ कुठून येणार?

मराठी मुलखाच्या जवळची उदाहरणं आठवून बघा. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी काढली. फायबरची बॉडी, रेनॉचं साधारण १.२ लिटरचं इंजिन. फार थोड्या विकल्या गेल्या. २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दिसली तेव्हा आपल्या माणसांनी बनवलेली स्पोर्ट्स कार म्हणून माझाही ऊर भरून आला होता. दोन लिटरचं टर्बो इंजिन, तेही रेनॉकडून घेतलेलं, किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. माझी गाडी या दोन्हींतली नव्हती, आणि या गाड्या करणाऱ्यांच्या धाडसाबद्दल मला आदर आहे. मुद्दा वेगळा आहे. छोटी कंपनी इंजिन स्वतः बनवत नाही, मोठ्या कंपनीचं घेते. ते शहाणपणाचंच असतं, कारण इंजिनाचे भाग पुढे मिळत राहतात. अडतं ते बॉडीत, काचेत, दिव्यात. ज्याचा साचा फक्त त्या कंपनीकडे, तो भाग कंपनी थकली की संपला. जॅग्वारच्या त्या लाखो पौंडांच्या गाडीला मागचे दिवे साध्या रोव्हर २०० चे लावले होते. ते वाचून पूर्वी मला हसू यायचं. आता वाटतं, पुढच्या मालकांवर केवढे उपकार झाले.

माझी काच फुटली २०१७ च्या जुलैत. एलबीएस मार्गावर पुढच्या डंपरवरून खडी उडाली आणि समोरच्या काचेला कडेपर्यंत तडा गेला. तोपर्यंत त्या कंपनीची मालकी बदलली होती आणि भारतातलं एकमेव शोरूम बंद झालं होतं. काच परदेशातून मागवली. यायला पाच महिने लागले, भाडं आणि शुल्क धरून खर्च एक लाख नव्वद हजार. विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, त्यामुळे ते पैसे मिळाले. पण ते पाच महिने गाडी कांजूर पूर्वेला आमच्या सोसायटीत कव्हरखाली उभी राहिली. पलीकडे मिठागरं, त्यापलीकडे खाडी. इथली हवा लोखंड खाते, हे कारखानदार म्हणून मला ठाऊक होतं. ब्रेकच्या डिस्क गंजल्या. घुशींनी वायरिंग कुरतडलं. ते पॉलिसीत बसत नव्हतं. आमच्या मिस्त्रीने बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, वायर मी जोडीन, पण हिचा नकाशा कुठे आहे?” वायरिंगचा नकाशा कंपनीकडे होता, आणि कंपनीचं इथे कुणी उरलं नव्हतं.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा कागद विकत घेण्याआधी कुणी वाचत नाही. विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते, ती आयडीव्ही, ठरलेल्या तक्त्याने उतरते : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं. ३१७ नंबरच्या पट्टीला या तक्त्यात रकाना नाही. गाडी चोरीला गेली असती तर मला मनातला भाव मिळाला नसता, तक्त्यातला मिळाला असता. दुरुस्तीतही फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात, आणि अशा गाड्यांत या दोन गोष्टीच जास्त. जपलेली गाडी एक दिवस विंटेज होईल असं कुणी म्हणालं तर २०२१ चा नियम वाचा. पन्नास वर्षं पूर्ण झाल्यावरच विंटेज नोंदणी मिळते, आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. त्याआधी पंधराव्या वर्षी साधी नोंदणी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी देशी मोटारीला ५ हजार, आयात मोटारीला ४० हजार झाली. तोपर्यंत माझं वय काय असेल, हा हिशेबही मी मांडला नव्हता.

२०२२ मध्ये विकायला काढली. जाहिरातीत ३० लाख लिहिले. पहिल्या महिन्यात फोन भरपूर आले, बहुतेकांना फोटो काढायचे होते. खरी बोली बोलणाऱ्या प्रत्येकाने सर्व्हिसची वही मागितली, आणि त्या वहीत पाच वर्षं अधिकृत शिक्का नव्हता. शेवटी पुण्याच्या एका गृहस्थांना साडेअकरा लाखांना दिली. त्यांच्याकडे स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं, गाडी चालवायची हौस होती, नफ्याची भाषा त्यांनी एकदाही केली नाही. गाडी योग्य माणसाकडे गेली याचं समाधान आहे.

गाळ्याच्या दिवसांपासून मला वहीत लिहायची सवय. खरेदी ३६ लाख. आठ वर्षांचा विमा, टायर, दुरुस्ती, ओढून नेण्याचा खर्च धरून, काचेची भरपाई वजा करून, साधारण १३ लाख. परत आले साडेअकरा. म्हणजे साडेसदतीस लाख गेले. तेच ३६ लाख साडेसात टक्क्यांनी ठेवले असते तर आठ वर्षांत, कर धरला नाही तर, ६४ लाखांच्या पुढे गेले असते. सीएला विचारलं, हा तोटा कुठे वळता करता येईल का? आयकर कायद्यात स्वतःच्या वापरातली मोटार भांडवली मालमत्ता मानत नाहीत. नफा झाला असता तर त्यावर भांडवली कर लागला नसता, आणि तोटा झाला तर तो कशातूनच वजा होत नाही.

घ्यायचीच असेल त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पट्टीवरचा नंबर बघू नका, गाडीच्या मागच्या मालकांना गाठा. किती दिवसांत विकली, मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत किती अंतर पडलं, हे विचारा. जाहिरातीतला भाव म्हणजे भाव नव्हे. बॉडी, काच, दिवे कुठून मिळतील याचं उत्तर पैसे देण्याआधी लेखी घ्या. वाहन पोर्टलवर नोंदणी, बँकेचा बोजा आणि चलनं तपासा, आणि इंजिन-चेसिसचे नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. बंद, कोरडी जागा नसेल तर मुंबईच्या पावसात ही गाडी ठेवू नका. आणि रक्कम अशी असू द्या की ती उद्या शून्य झाली तरी घरातल्या कुणाचं शिक्षण किंवा औषध थांबणार नाही. मी ती मर्यादा ओलांडली होती. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलीकडे पैसे मागावे लागले.

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीतला एक मुलगा, आयटीत चांगल्या पगारावर आहे, घरी आला. एका मर्यादित आवृत्तीच्या गाडीसाठी त्याने दोन लाख टोकन दिलं होतं. “काका, फक्त दीडशे येणार आहेत,” तो म्हणाला. मी त्याला काही समजावलं नाही. म्हटलं, आत्ता इथे बसून समोरच्या काचेची चौकशी कर. त्याने स्पीकर लावून तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने उचलला नाही. दुसरा म्हणाला, ऑर्डर द्या, मग बघू. तिसऱ्याने आधी पूर्ण पैसे मागितले आणि तारीख सांगता येणार नाही म्हणाला. मुलाने फोन खाली ठेवला, बॅगेतून टोकनची पावती काढली आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात पैसे परत करण्याची अट कुठे छापली आहे ते शोधू लागला. मी त्याला माझा चष्मा दिला.