थ्रॉटल बॉडीचा कूलंट बायपास : खर्च किती, गरज किती?

‘थ्रॉटल बॉडीतून गरम कूलंट फिरतं, ते बायपास करून टाकू, पिकअप वाढेल,’ असं गॅरेजमध्ये कुणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. नुसत्या पिकअपसाठी हे काम करून घेण्यात पैसे वाया जातात. तापलेल्या इंजिनातलं कूलंट साधारण 90 अंशांवर असतं, हे खरं. पण हवा थ्रॉटलमधून क्षणार्धात पुढे जाते, तेवढ्यात ती फारशी तापत नाही. समजा ती 3 अंशांनी थंड झालीच, तरी तिची घनता जेमतेम 1 टक्का वाढते. गाडी चालवताना तुम्हाला ते जाणवणारही नाही.

बायपासला अर्थ आहे तो एकाच वेळी : थ्रॉटल बॉडीच्या नळीतूनच कूलंट गळत असेल आणि नवा भाग महाग असेल किंवा लवकर मिळत नसेल तेव्हा. आधी बॉनेट उघडून स्वतः बघा. पाइपच्या टोकाशी हिरवट किंवा गुलाबी सुकलेला थर दिसला, तर गळती तिथेच आहे. पुष्कळदा नुसता पाइप किंवा क्लॅम्प बदलून भागतं. मग बायपास कशाला?

काम सोपं आहे. थ्रॉटलला येणारा आणि जाणारा असे दोन्ही पाइप काढून ती टोकं एकमेकांना जोडायची. खर्च शहर आणि गाडीनुसार बदलतो, पण अंदाज असा : कूलंटचा रबरी पाइप आणि क्लॅम्प 150 ते 400 रुपये, मजुरी 300 ते 800, टॉपअपला लागणारं कूलंट 200 ते 400. म्हणजे हजार-दीड हजारात काम व्हायला हवं. प्रत्यक्ष वेळ अर्धा ते एक तास. मात्र इंजिन पूर्ण थंड असलं पाहिजे, म्हणून गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं.

बिल फुगतं ते जोडकामांनी. ‘उघडलंच आहे तर’ म्हणून थ्रॉटल क्लीनिंग, स्कॅनर लावणं, सगळं कूलंट बदलणं, असं एकेक वाढत जातं. प्रत्येकाचा दर आधी विचारा, नको ते तिथेच नाकारा. बिलात पाइप, क्लॅम्प, कूलंट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. जीएसटी लावला असेल तर गॅरेजचा जीएसटी क्रमांक बिलावर हवाच. काढलेले पाइप मागून घ्या.

कामातली लबाडीही ओळखा. कूलंटच्या पाइपऐवजी पेट्रोलचा पाइप किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी वापरली, तर ती उष्णतेने फुगते आणि भर रस्त्यात सुटते. दोन्ही टोकांना बूच मारणं त्याहून वाईट, कारण काही गाड्यांत कूलंटचा प्रवाहच अडतो. टॉपअपला नळाचं पाणी नको, कंपनीने सांगितलेलं कूलंटच हवं. आणि शेवटी हवा काढलीच पाहिजे : हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. हे तुमच्या समोर करून घ्या. आत हवा राहिली तर इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट गेलं तर खर्च दहा हजारांच्या पुढे जाऊ शकतो.

केबलवर चालणारं थ्रॉटल असलेल्या जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासा. त्यातल्या काहींमध्ये मेणाचा व्हॉल्व्ह असतो. कूलंटने तो तापला की रेसिंग खाली येतं. बायपास केला तर तो थंडच राहतो, रेसिंग चढलेलं राहतं आणि पेट्रोल जास्त जातं. अशा गाडीला बायपास नकोच.

हे पाइप मुळात थंड, दमट हवेत थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ धरू नये म्हणूनही असतात. महाराष्ट्रातल्या थंडीत त्याची अडचण सहसा येत नाही. पण हिवाळ्यात मनाली, काश्मीर किंवा लडाखला गाडी नेणार असाल, तर निघण्याआधी मूळ जोडणी परत करून घ्या.

आरसीवरचा कोणताही तपशील बदलत नसल्याने यासाठी आरटीओत जावं लागत नाही. वॉरंटीतल्या गाडीला मात्र हात लावू देऊ नका. गळती असेल तर वॉरंटी पुस्तिका घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा, नाहीतर पुढचा दावा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल. काम झाल्यावर दोन-तीन दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतली कूलंटची पातळी बघा. ती उतरत असेल तर बिल घेऊन त्याच गॅरेजमध्ये परत जा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.